खापरावरचा पाव, काकवीचा केक

पोर्तुगालच्या मादेइरा बेटावर बटाट्याला बटाटा म्हणत नाहीत. लिस्बनच्या मंडईत 'बाताता' मागा, बटाटा मिळेल. आपण हा शब्द तिथूनच उचलला. मादेइरात मात्र 'बाताता' म्हटलं की हातात रताळं येतं, आणि बटाटा हवा असेल तर 'सेमील्या' म्हणावं लागतं. खरं पाहता बरोबर बेटकरीच आहेत. अमेरिकेतून हा शब्द युरोपात आला तो रताळ्याचं नाव म्हणून. बटाट्याला तो मागाहून चिकटला.

हे रताळं त्या बेटाच्या पावातही असतं. तो पाव घरी करून पाहायचं मनात आलं आणि सामानाची यादी काढायला बसलो, तर यादीतली एकही वस्तू परदेशी मालाच्या दुकानात जाऊन आणावी लागली नाही. रताळी, मैदा, लसूण, लोखंडी तवा. पुढच्या पदार्थांना काकवी लागली, रवी लागली. आपल्या स्वयंपाकघरात पोर्तुगीज बेट असं मांडून ठेवलेलं असेल, याची कल्पना नव्हती.

बेटाची थोडी ओळख करून घेऊ. लिस्बनच्या नैऋत्येला साधारण हजार किलोमीटरवर, अटलांटिकमध्ये, ज्वालामुखीतून वर आलेला हा डोंगर आहे. लांबी ५७ किलोमीटर, रुंदी जेमतेम २२, आणि मधोमध १,८६२ मीटर उंचीचं शिखर, म्हणजे कळसूबाईच्याही दोनशे मीटर वर. सपाट जमीन औषधाला नाही. पोर्तुगीज दर्यावर्दी १४१९ साली इथे उतरले तेव्हा बेटावर माणूस नव्हता, नुसतं रान होतं. म्हणून नाव पडलं मादेइरा, म्हणजे लाकूड. जिथे पुढे राजधानी वसली तिथे रानबडीशेप माजली होती. बडीशेपेला पोर्तुगीजमध्ये 'फुंशु' म्हणतात, त्यावरून गावाचं नाव फुंशाल.

माणूसच नव्हता, तेव्हा मूळचं असं खाणंही नव्हतं. जे काही आहे ते कोणीतरी जहाजातून आणलं. गहू मुख्य भूमीवरून आला, ऊस सिसिलीहून, मालवाझिया द्राक्षाचे वेल क्रीटकडून, आणि पुढे मका व रताळं अमेरिकेतून. डोंगर खोदून दगडी बांधांच्या पायऱ्या केल्या, त्यावर माती चढवली आणि उत्तरेकडच्या ओल्या उतारांवरून दक्षिणेकडे पाणी नेणारे अरुंद पाट काढले. या पाटांना 'लेवादा' म्हणतात. आज पर्यटक त्यांच्या काठाकाठाने भटकतात, पण ते खणले गेले उसासाठी. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपच्या साखरेचा मोठा हिस्सा या चिमुकल्या बेटावरून जात होता. फुंशालच्या नगरचिन्हावर आजही साखरेच्या पाच ढेपा आहेत. कोलंबससुद्धा तरुणपणी या साखरेच्या व्यापारात होता, आणि त्याची बायको शेजारच्या पोर्तु सांतु बेटाच्या कारभाऱ्याची मुलगी.

आता पाव. त्याचं नाव 'बोलु दु काकु'. बोलु म्हणजे केक, पण इथे गोडधोडाचा संबंध नाही, गोल आणि चपट्या आकारावरून ते नाव आलं. गोव्यात लग्नात लेकीसोबत जो गूळ-खोबऱ्याचा 'बोल' धाडतात, तोही याच शब्दाचा भाऊ. आणि काकु म्हणजे खापर, फुटक्या मातीच्या भांड्याचा किंवा कौलाचा तुकडा. पूर्वी घराघरात भट्टी नसे. त्यामुळे दगडाची किंवा भाजलेल्या मातीची लादी विस्तवावर ठेवून तिच्यावर हा पाव भाजत. खानदेशात उपड्या खापरावर मांडे भाजणाऱ्या बाईला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही.

अर्धा किलो मैद्याला पाव किलो उकडलेलं रताळं, सात ग्रॅम कोरडं यीस्ट आणि दीड चमचा मीठ. रताळं सालीसकट उकडा, सोलून किसणीवर किसा आणि पूर्ण निवू द्या. गरम रताळं यीस्टमध्ये घातलं तर यीस्ट मरतं. पाणी एकदम ओतू नका, कारण रताळ्यात किती पाणी आहे हे ते पीठ मळायला घेतल्यावरच सांगतं. सैलसर, हाताला किंचित चिकटणारी कणीक झाली की दीड-दोन तास झाकून ठेवा. दुप्पट फुगली की सहा गोळे करून हाताने थापा, बोटभर जाड ठेवा आणि पुन्हा वीस मिनिटं विसावू द्या.

माझा पहिला घाणा वाया गेला तो पुढच्या पायरीवर. भाकरीसाठी तापवतो तसा तवा कडकडीत तापवला. दोन मिनिटांत पाव बाहेरून कोळसा, आत कच्चं पीठ. रताळ्यातली साखर लवकर करपते हे तेव्हा सुचलं नाही. तवा मध्यम तापवायचा, मग आच मंद करायची आणि प्रत्येक बाजू आठ-दहा मिनिटं निवांत भाजायची. तेल नाही, तूप नाही, तव्यावर चिमूटभर पीठ भुरभुरलं की पुरे. शेवटी पाव उभा धरून त्याची कड चाकासारखी तव्यावर फिरवायची, म्हणजे कडेचं पीठ कच्चं राहत नाही. भाजलेल्या पावाच्या दोन्ही अंगांवर तपकिरी ठिपके आणि कड फिकट, हीच त्याची खूण.

गरम असतानाच आडवा चिरून आत लसूण ठेचलेलं लोणी. बेटावर त्यात पार्सली घालतात. कोथिंबीर घातली तर चव पुण्याकडे झुकते, पण तक्रार कोणी केली नाही.

दुसरा सोपा पदार्थ 'मील्यु फ्रीतु', म्हणजे तळलेला मका. पांढऱ्या मक्याचा रवा पाण्यात लसूण, मीठ आणि बारीक चिरलेल्या हिरव्या पानांबरोबर पाऊण तास ढवळत शिजवायचा, ताटात थापायचा, गार झाला की चौकोनी तुकडे पाडून तळायचे. कोथिंबीर वडीची कृती येणाऱ्याला इथे शिकण्यासारखं काही नाही. ती पानं कोबीच्याच जातीची, पण गड्डा न धरणारी असतात. आपल्याकडे नवलकोलाचा पाला त्याला अगदी जवळचा आहे, आणि भाजीवाला तो बहुधा फुकट देतो. शाकाहारी पाहुण्यांसाठी हे तुकडे, तो पाव आणि कांदा-टोमॅटोचं पातळ सूप, ज्यात बेटावर अंडं सोडतात आणि आपण ते वगळू शकतो, एवढ्यात एक रात्रीचं जेवण होतं.

मासे खाणाऱ्यांसाठी गंमत आहे. फुंशालच्या शेतकरी बाजारात, १९४० साली उघडलेल्या त्या देखण्या इमारतीत, मासळीच्या कट्ट्यावर लांबलचक काळेकुट्ट, बटबटीत डोळ्यांचे, सुईसारख्या दातांचे मासे ओळीने पडलेले दिसतात. हा 'श्पादा', म्हणजे तलवार. हजार मीटर आणि त्याहून खोल पाण्यातून लांब दोरीला गळ लावून तो काढतात. रूप असं भयंकर, पण मांस पांढरं आणि मऊ. अंडं-पिठात घोळवून तळतात आणि वर तळलेलं केळं ठेवतात. केळं आणि मासा हे ऐकून कोकणी माणूस कपाळाला आठ्या घालेल. मीही घातल्या होत्या. पण बेटावरची केळी आखूड आणि आंबटगोड असतात, आपल्याकडे वेलची केळं घेतलं तर मेळ बसतो. श्पादा आपल्या वाकटीच्याच कुळातला आहे. वाकटीत काटे फार, म्हणून घरी सुरमईचे पातळ तुकडे घ्यावेत. नातं जपायचं असेल तर मात्र वाकटीच.

यानंतरच्या पदार्थाशी आपलं नातं जुनं आहे, पण ते पुरतं विस्कटलेलं आहे.

बेटावर नाताळला नाताळ म्हणत नाहीत, नुसतं 'फेश्ता' म्हणतात, सण. डिसेंबरात घरचं डुक्कर कापलं जाई आणि त्याचे तुकडे वाइन, व्हिनेगर, लसूण आणि लॉरेलची पानं यांत बुडवून दोन-तीन दिवस ठेवत. मध्यरात्रीची प्रार्थना आटोपून आलं की हेच मांस चुलीवर चढायचं. याचं नाव 'कार्न द विन्या दाल्युश'. विन्यु म्हणजे वाइन, आल्यु म्हणजे लसूण. शीतपेटी नसण्याच्या काळात आंबट द्रवात मांस टिकतं, म्हणून ही युक्ती. मुख्य भूमीवरच्या पोर्तुगीजांनाही ती ठाऊक होती आणि भारताकडे येणाऱ्या जहाजांवरही.

गोव्यात ती उतरली तेव्हा वाइन मिळेना. मग माडाच्या ताडीचं व्हिनेगर आलं, लाल मिरची आली, जिरं, मिरी, दालचिनी, लवंग आली. मिरचीही पोर्तुगीजांनीच अमेरिकेहून आणलेली. नाव जिभेवर घासत घासत 'विंदालू' झालं. इथवर सगळं ठीक होतं. मग कुणीतरी त्यातला 'आलू' ऐकला आणि रेस्टॉरंटच्या विंदालूत बटाटा पडू लागला. लसणाचा बटाटा झाला! गोव्यातल्या घरचा विंदालू ज्याने खाल्लाय, त्याला बटाट्याचा तुकडा पाहून काय वाटतं हे विचारू नये.

मूळ प्रकार घरी करणं विंदालूपेक्षा सोपं आहे, कारण वाटायचं काहीच नाही. किलोभर चरबीसह डुकराचं मांस, दहा-बारा ठेचलेल्या लसूणपाकळ्या, मीठ, मिरी, लॉरेलची दोन-तीन पानं, असेल तर थोडा ओरेगानो, आणि निम्मी पांढरी वाइन निम्मं व्हिनेगर मिळून मांस बुडेल इतकं. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, फ्रीजमध्ये, दोन रात्री. ॲल्युमिनियम नको, आंबटाने ते खराब होतं. मग त्याच पाण्यात झाकून शिजवायचं, झाकण काढून पाणी आटवायचं, आणि उरलेल्या चरबीत तुकडे लाल होईपर्यंत परतायचे. शेवटी त्याच चरबीत पावाच्या कापा तळायच्या. या कापा मांसापेक्षा आधी संपतात.

एक सावधगिरी. बाजारात 'बे लीफ' म्हणून आपल्याला बहुधा तमालपत्र मिळतं. ते दालचिनीच्या कुळातलं, पानावर तीन ठळक उभ्या शिरा असलेलं. लॉरेलच्या पानाला मधोमध एकच शीर असते आणि वास अगदी निराळा, थोडा कडवट. तमालपत्र घातलं तर पदार्थ वाईट होत नाही, पण मसालेभाताची आठवण येते. मादेइरात लॉरेलची रानं आहेत आणि ती १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. 'श्पेताडा' या पदार्थात तर गोमांसाचे तुकडे लॉरेलच्याच ओल्या काठीत ओवून, जाडं मीठ आणि लसूण चोळून निखाऱ्यावर धरतात. महाराष्ट्रात गोवंशाच्या मांसावर बंदी आहे, आणि लॉरेलची काठी तर कुठेच मिळणार नाही. कोवळ्या मटणावर भागवता येतं, पण खरं सांगायचं तर हा पदार्थ बेटावर जाऊनच खावा.

पिण्याकडे वळू. कामारा द लोबुश हे फुंशालजवळचं कोळ्यांचं गाव. १९५० साली चर्चिल तिथे चित्र काढत बसला होता. इथल्या लहानशा दारूच्या दुकानांत 'पोंशा' मिळते. उसाच्या रसाची कडक दारू, लिंबाचा रस आणि मध, बस्स. कोळ्यांच्या पद्धतीत मधाऐवजी साखर. हे सगळं घुसळायला एक लाकडी दांडी असते, टोकाला खाचा पाडलेला गोळा. दोन तळहातांमध्ये ती गरगर फिरवायची. तिचं रीतसर नाव 'मेशेलोत'. बोलीतलं दुसरं नाव इथे छापण्याजोगं नाही. आपल्याकडे तिला रवी म्हणतात, आणि ताक करायची लहान रवी या कामाला अगदी फर्मास आहे. दारू ६० मिलिलिटर, एका लिंबाचा रस, दोन चमचे मध. मध आणि लिंबू आधी घुसळून एकजीव करायचं, दारू नंतर. बर्फ शक्यतो नको. पांढरी रम चालते. काजूची फेणी घातली तर चांगलं पेय होतं, पण ती पोंशा नव्हे.

'पोंशा' आणि इंग्रजी 'पंच' या शब्दांचं मूळ आपल्या 'पाच'मध्ये आहे, पाच जिनसांचं पेय म्हणून, असं सांगितलं जातं. पंच हा शब्द ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाच्या १६३२ च्या पत्रात येतो, त्यामुळे भारताशी संबंध असणं शक्य आहे. पण पोंशात जिनसा तीनच, तेव्हा अभिमानाने छाती फुगवण्याआधी मोजून घ्यावं. न पिणाऱ्यांनी कृष्णफळाचा गर, साखर आणि सोडा घ्यावा. मादेइरात कृष्णफळाचं बाटलीबंद पेय आवडीने पितात.

बेटाचं नाव जगभर झालं ते मात्र वाइनमुळे, आणि ती वाइन घडली एका अपघाताने. साखरेचा धंदा ब्राझीलने पळवल्यावर बेटाने द्राक्षांवर भर दिला. फुंशाल हे अटलांटिक ओलांडणाऱ्या आणि आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या जहाजांचं पाणी-शिधा भरायचं ठिकाण होतं. लंडनहून मुंबईकडे निघालेली ईस्ट इंडिया कंपनीची जहाजंही इथे थांबून पिंपं चढवत. विषुववृत्ताच्या उन्हात, जहाजाच्या तळघरात महिनोन्महिने हेलकावे खाऊन कोणतीही वाइन नासायला हवी. ही सुधारली. काही पिंपं न विकली जाऊन परत आली तेव्हा चव घेणारे थक्क झाले. मग मुद्दाम पिंपं भारतापर्यंत फिरवून आणू लागले. अशा वाइनला 'विन्यु दा रोदा' म्हणत, फेरी मारून आलेली वाइन. कोकणात मुरलेलं लोणचं घाटावर नेऊन परत आणण्यासारखाच हा प्रकार, फक्त घाट वीस हजार किलोमीटरचा.

जहाजाचा खर्च परवडेना, तेव्हा ती उष्णताच बेटावर तयार केली. आज स्वस्त वाइन टाकीत ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने तापवतात. उंची वाइन पिंपांत भरून कोठाराच्या वरच्या मजल्यावर, छपराखालच्या उबेत, वर्षानुवर्षं ठेवून देतात. ब्रँडीसारखा द्राक्षाचा अर्क घातल्यामुळे तिच्यात अल्कोहोल साधारण १८-२० टक्के असतं. सेर्सियाल कोरडी, वेर्देल्यु त्याहून कमी कोरडी, बुआल गोडसर, मालवाझिया गोड. पावाबरोबर पहिली, केकबरोबर शेवटची. जी वाइन आधीच तापून, हवा लागून, सगळं सोसून आलेली आहे, तिला घरच्या कपाटात आणखी काय होणार? बाटली उघडल्यावर साधी वाइन चार दिवसांत आंबते, ही महिनोन्महिने राहते. क्वचित पिणाऱ्या मराठी घराला याहून सोयीची वाइन नाही.

पोर्तुगालची दुसरी बेटं म्हणजे असोरेस, आणखी पश्चिमेला, नऊ बेटांचा समूह. तिथलं प्रसिद्ध 'कोझीदु' घरी होणार नाही. साऊं मिगेल बेटावर फुर्नाश गावी मांस-भाज्यांचं पातेलं ज्वालामुखीच्या गरम जमिनीत पुरून सहा-एक तासांनी काढतात. कुकरच्या शिट्ट्यांनी ती मजा यायची नाही. त्याच बेटावर गोरियाना या मळ्यात १८८३ पासून चहा होतो. तेर्सैरा बेटावर भारतातून परतणारी जहाजं थांबत. वास्को द गामाचा भाऊ पाउलु १४९९ मध्ये परतीच्या वाटेवर तिथेच वारला आणि तिथेच पुरला गेला. या जहाजांवरची दालचिनी आणि जायफळ तिथल्या एका लहानशा केकमध्ये शिरली. त्याला आधी 'भारतीय केक' अशा अर्थाचं नाव होतं. १९०१ मध्ये राणी आमेलिया बेटावर आली, तेव्हा त्याचं नाव 'दोना आमेलिया' ठेवलं. नाव गेलं, दालचिनी राहिली.

शेवटी मादेइराचा 'बोलु द मेल'. मेल म्हणजे मध, पण या केकमध्ये मध नसतो. बेटावर 'उसाचा मध' म्हणजे उसाचा रस आटवून केलेला काळसर पाक. आपली काकवी. कोल्हापूरच्या गुऱ्हाळावर मिळते तीच. साखरेचा व्यापार पाचशे वर्षांपूर्वी बुडाला तरी बेटावर दोन-चार चरक अजून फिरतात, ते दारूसाठी आणि या पाकासाठी.

काकवी दाट आणि काळपट निवडा, पातळ पिवळी नको. अर्धा किलो मैद्याला जवळजवळ तितकीच काकवी आणि त्याच्या निम्मं लोणी. बेटावर डुकराची चरबीही घालतात. दालचिनी, लवंग, बडीशेप कुटून, चमचाभर खाण्याचा सोडा, मूठभर अक्रोड, मूठभर बदाम, मुरवलेल्या संत्र्याच्या सालीचे तुकडे. असेल तर मादेइरा वाइन, नसेल तर संत्र्याचा रस. काकवी आणि लोणी एकत्र कोमट करून बाकीच्यात मिसळा, झाकून एक रात्र ठेवा आणि सकाळी उथळ गोल भांड्यांत मंद ओव्हनमध्ये तासभर भाजा. हा केक फुगत नाही. दाट, काळा आणि जड होतो. पहिल्या दिवशी चव घेऊ नका, निराशा होईल. आठवड्याने घ्या.

बेटावर तो ८ डिसेंबरला करायचा, मेरीच्या सणाला, आणि गेल्या वर्षीचा उरलेला त्याच दिवशी संपवायचा. वर्षभर टिकतो. सुरी लावत नाहीत, हाताने मोडतात. मुंबईच्या दमट हवेत मृग लागला की मात्र फ्रीजमध्ये हलवा, आणि डब्यावर तारीख लिहून ठेवा.